सगळ्यात हळू मशीनच्या वेगाने



शनिवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा मी कुठल्याही कार्यक्रमाला येत नाही, हे नॉर्थ कॅरोलिनातल्या आपल्या बऱ्याच मंडळींना माहीत आहे. कारण विचारलं तर मी खरं ते सांगतो. एज ऑफ एम्पायर्स खेळतो. मग समोरचा हसतो. "अजून? या वयात?" (वय अडतीस. गुडघे अजून शाबूत आहेत.) या हसण्याला उत्तर द्यायचं बरेच दिवस मनात होतं, म्हणून ही लांबलचक मेल. ज्यांना गेम्सशी काही देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढच्या मेलवर जावं. घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल तर मात्र थोडं थांबा.

जुन्या गेम्सबद्दल कोणी हळवं झालं की लगेच सांगतात, अरे तुला गेम नाही आठवत, ते दिवस आठवतात. मला हे अर्धंच पटतं. दिवस गेले ते गेलेच. पण त्या गेम्सच्या बांधणीतच एक गोष्ट होती, जी नव्या बऱ्याच गेम्समधून जाणूनबुजून काढून टाकलेली आहे: कोणाबरोबर खेळायचं हे आपण ठरवत होतो, आणि खेळ त्या माणसांसाठी थांबत होता. ती गोष्ट परत आणता येते. त्यासाठी विशीत परत जावं लागत नाही.

आधी थोडं हॉस्टेलपुराण. २००७ ते २०११ या काळात आमच्या हॉस्टेलवर इंटरनेट म्हणजे नसल्यातच जमा. होतं ते लॅन. वर्गणी काढून घेतलेला आठ पोर्टचा एक स्विच, आणि एका खिडकीतून निघून सज्ज्यावरून दुसऱ्या खिडकीत शिरणारी केबल. पावसाळ्यात तिच्यावर बनियन वाळत. केबलला टोकं बसवायची पक्कड एकाच्याच मालकीची होती, त्यामुळे त्याला मेसमध्ये वेगळाच मान. काउंटर-स्ट्राइक १.६ आणि एज ऑफ एम्पायर्स २ हे मुख्य जेवण, एनएफएस तोंडी लावायला. पीएल लागली की खेळ दुप्पट. त्यात लोडशेडिंग. लाइट गेले की अख्ख्या मजल्यावरून एकच आरोळी, आणि मग 'आम्हीच जिंकत होतो' यावर दोन्ही बाजूंचं लाइट येईपर्यंत भांडण.

आमच्या मजल्यावर मेकॅनिकलचा एक मुलगा होता. त्याने मला सलग दीड सेमिस्टर हरवलं. मी माझ्या घरांची जुळवाजुळव करतोय तोवर त्याचे घोडेस्वार माझ्या लाकूडतोड्यांत घुसलेले असायचे. मग मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहून बघायला लागलो. तो रानडुकराला बाण मारून गावापर्यंत कसं ओढत आणतो, एकही गावकरी रिकामा कसा राहू देत नाही, वगैरे. तिसऱ्या वर्षी मी त्याला पहिल्यांदा हरवलं तेव्हा त्या खोलीत दहा-बारा पोरं उभी होती, आणि त्याने मला चहा पाजला. हा माणूस आता म्युनिकला असतो. शनिवारच्या आमच्या पाचांतला एक.

आजच्या गेममध्ये ही गोष्ट घडणं गणितानेच अवघड करून ठेवलंय. बटण दाबलं की सर्व्हर तुमच्या तोडीचा अनोळखी माणूस शोधून आणतो. कल्पना मूळ बुद्धिबळातली, अर्पाद एलो यांच्या गुणांकनाची. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी ट्रूस्किल नावाचा तिचा नवा अवतार काढला, आणि आता असं काही ना काही बहुतेक स्पर्धेच्या गेम्समध्ये असतंच. तुम्ही सुधारलात की समोरचाही सुधारलेला येतो. साधारण निम्मे सामने जिंकायचे, निम्मे हरायचे. न्याय्य आहे, मी नाही म्हणत नाही. कोणी दीड सेमिस्टर मार खात नाही. पण हजार माणसांशी खेळून एकाचंही नाव लक्षात राहत नाही, आणि आपण सुधारलो हे आपल्याखेरीज कोणाला कळतही नाही. चहा तर दूरच.

आपल्या वडिलांच्या पिढीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. मुंबईच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षं तीच गाडी, तोच डबा, तीच चार माणसं आणि मांडीवरच्या ब्रीफकेसवर पत्ते. त्यांना कोणी विचारलं का, की रोज तीच रमी खेळून काय मिळतं? एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी फोन करायचा. उद्या तिथे 'तुमच्या तोडीचा रमी खेळणारा बोरिवलीला चढेल, त्याच्याशी खेळा' अशी सोय केली असती तर खेळ कदाचित उच्च दर्जाचा झाला असता. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीबद्दल मी बोलत नाहीये. तिच्यावर भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदाच झाला, आणि मला विचाराल तर बरं झालं.)

आता जरा तांत्रिक. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि आपल्यासारख्या परदेशस्थांना तर फारच.

नॉर्थ कॅरोलिना आणि पुणे यांच्यातला जाऊन-येऊन वेळ, म्हणजे पिंग, माझ्या घरून साधारण सव्वादोनशे मिलिसेकंद पडतो. यात कंपनीचा किंवा इंटरनेटवाल्याचा फारसा दोष नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच जातो आणि पृथ्वी आहे तेवढी आहे. बंदुकीच्या गेममध्ये सव्वादोनशे मिलिसेकंद म्हणजे मरण. तुम्हाला समोरचा दिसतो तोवर त्याने गोळी घालून झालेली असते. म्हणून अशा गेम्सनी जगाचे तुकडे पाडले. व्हॅलोरंटमध्ये तर खातंच प्रदेशाला बांधलेलं असतं. माझं अमेरिकेतलं खातं आणि पुण्यातल्या मित्राचं तिकडचं खातं एका सामन्यात येऊच शकत नाहीत. त्यांचं चुकत नाही. पण देश सोडलेल्या माणसासाठी अशा गेमचा अर्थ सरळ आहे: तुझे मित्र तिकडे राहिले, आता इथले शोध.

एज ऑफ एम्पायर्स वेगळ्याच तत्त्वावर चालतो. ते तत्त्व त्याच्या दोन इंजिनिअरांनी, पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी, २००१ मध्ये एका लेखात सांगितलं होतं. आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावा असा लेख. प्रश्न असा होता की २८.८ च्या मॉडेमवरून आठ माणसांची शेकडो सैनिकांची लढाई चालवायची कशी? प्रत्येक सैनिक कुठे आहे हे पाठवत बसलं तर लाइन तुंबणार. म्हणून त्यांनी सैनिक पाठवलेच नाहीत. पाठवल्या त्या फक्त आज्ञा: 'हे पाच धनुर्धर तिथे जा'. प्रत्येकाच्या मशीनवर तीच लढाई, तंतोतंत तशीच, स्वतंत्रपणे घडते. आज्ञा दिल्याक्षणी अमलात येत नाही. दोन फेऱ्यांनंतर, सगळ्यांकडे पोचल्यावर, सगळीकडे एकदमच येते. आणि एखाद्याचं मशीन किंवा लाइन रडत असेल तर फेरीची लांबी वाढवतात. म्हणजे काय, तर सगळ्यात हळू मशीनच्या वेगाने सगळे चालतात. कोणी पुढे पळून जाऊच शकत नाही.

त्याच लेखात त्यांनी लिहिलंय की पाव सेकंदापर्यंतचा उशीर खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, आणि त्यापुढे अर्ध्या सेकंदापर्यंतही मजेत खेळता येतं. त्रास होतो तो उशीर सतत कमी-जास्त झाला की. १९९० च्या दशकातल्या रडक्या मॉडेमसाठी केलेली ही सोय आज पुणे, दुबई, म्युनिक, मेलबर्न आणि नॉर्थ कॅरोलिना यांना एका टेबलावर बसवते! त्या लोकांनी आमचा विचारही केला नसेल. पण चार खंडांत पांगलेल्या हॉस्टेलसाठी कोणी मुद्दाम डिझाइन केलं असतं तर याहून वेगळं काय केलं असतं?

आमची शनिवारची वेळ उन्हाळ्यात अशी पडते: माझे सकाळचे साडेनऊ, म्युनिककराचे दुपारचे साडेतीन, दुबईकराचे संध्याकाळचे साडेपाच, पुणेकराचे सात, आणि मेलबर्नकर बिचारा रात्री साडेअकराला, पोरं झोपल्यावर, हेडफोन लावून कुजबुजत. कोणी उशिरा आला तर बाकीचे थांबतात. चॅटमध्ये ११ टाइप केलं की जे खदाखदा हसू ऐकू येतं आणि ३० टाइप केलं की जो वोलोलो होतो, त्यावर आम्ही अजून हसतो. त्याचं समर्थन करता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, मग फोन करा की. केले ना. दोन पुरुषांचा फोन कसा असतो ते आपण जाणतोच. "काय चाललंय?" "मजेत." "घरी सगळे?" "मजेत." तिसऱ्या मिनिटाला "चल, बोलू" येतं. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड आणि वाढदिवसाचे केक. पण हाताला मेंढ्या गोळा करायचं काम असलं, डोळे स्क्रीनवर असले आणि कोणीच कोणाकडे बघत नसलं, की माणसं बोलतात. पुणेकराच्या वडिलांचं डायलिसिस चालू झालंय हे आम्हाला असंच कळलं. भिंत बांधता बांधता त्याने सांगितलं, आणि पुढच्याच वाक्यात दगड मागितला. आम्ही चौघांनी दगड पाठवला. त्याला इतका दगड लागणार नव्हता.

दुबईकराचं जरा वेगळं. हा आमच्यातला सगळ्यात टापटीप खेळाडू, त्याचा गावकरी कधी रिकामा दिसणार नाही. २०२३ च्या हिवाळ्यात एका शनिवारी मी त्याचा भिडू होतो. नकाशावर बघतो तर त्याचे पंधरा-वीस गावकरी सोन्याच्या संपलेल्या खाणीपाशी नुसते उभे. पुढच्या शनिवारी तेच. त्याला कोणी फोनवर "कसा आहेस" विचारलं असतं तर "मजेत" म्हणाला असता, नक्की. मी विचारलं, "गावकरी का उभेत रे?" बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, नोकरी जाऊन सात आठवडे झाले. बायको सोडून कोणालाच माहीत नव्हतं. व्हिसा नोकरीला जोडलेला, मुलांच्या शाळेची फी डोक्यावर. गल्फमधल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. पुढे काही महिन्यांनी त्याला दुसरी नोकरी लागली. त्यात आमचं कर्तृत्व काही नाही, एक-दोन ठिकाणी सीव्ही पुढे सरकवला इतकंच. पण ते सात आठवडे एकट्याने काढलेले पुढे एकट्याने काढावे लागले नाहीत. अनोळखी भिडूने त्या रिकाम्या गावकऱ्यांकडे बघून काय केलं असतं? शिवी घालून रिपोर्टचं बटण दाबलं असतं.

मग सगळे परत जुने गेम खेळले की झालं का? नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं उदाहरण बघा. २००४ चा गेम. सुरुवातीला एखाद्या गुहेत शिरायला पाच जण लागत, आणि ते जमवायला शहराच्या चौकात उभं राहून 'वैद्य पाहिजे, वैद्य' असं ओरडावं लागे. कंटाळवाणं काम, पण त्यातून ओळखी होत, आणि बदमाष माणसाचं नाव सर्व्हरभर पसरे. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने बटण दिलं, निरनिराळ्या सर्व्हरवरचे पाच जण आपोआप जमू लागले, आणि गुहेतून बाहेर पडल्यावर ते एकमेकांना पुन्हा दिसेनासे झाले. लोक जुना गेम मागू लागले. २०१३ च्या ब्लिझकॉनमध्ये मंचावरून एका अधिकाऱ्याने प्रश्नकर्त्याला जवळपास असं सुनावलं की तुम्हाला वाटतं ते हवंय म्हणून, पण खरं नकोय. २०१६ मध्ये चाहत्यांनी चालवलेला नॉस्टॅल्रियस हा सर्व्हर वकिलांच्या धाकाने बंद झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द कंपनीनेच 'क्लासिक' बाजारात आणलं. खेळायला लोकांची रांग.

माझ्या मते तो अधिकारी आणि ते चाहते, दोघेही थोडे थोडे बरोबर होते. नकाशा परत आला. पण लोक पंधरा वर्षांचे हिशेब पाठ करून आले होते. कुठली तलवार किती टक्के बरी, कुठल्या रस्त्याने गेलं की किती मिनिटं वाचतात. ज्यांनी आपला जुना कंपू गोळा करून आणला त्यांना क्लासिक लाभलं. जे एकटेच आले, त्यांना जुना नकाशा मिळाला आणि नवी घाई.

फोर्टनाइटने तर कमालच केली. २०१७ चा गेम. सहाच वर्षांत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, जुना नकाशा 'ओजी' म्हणून परत आणला, आणि एपिकच्या म्हणण्यानुसार एका दिवसात ४ कोटी ४७ लाख लोक खेळून गेले. म्हणजे ज्यांना अजून मिसरूड फुटलं नाही त्यांनाही 'जुने दिवस' आहेत! तेव्हा हे आपल्या वयाचं दुखणं नाही. माझा पुण्यातला भाचा पबजी मोबाइलबद्दल असंच बोलतो. २ सप्टेंबर २०२० ला भारतात तो बंद झाला तेव्हा हा अकरावीत. पुढे २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने तोच खेळ आला, तरी हा म्हणतो ती मजा नाही. जरा खोदून विचारलं तर कळतं की त्याचे तिघे भिडू तोवर जेईईच्या क्लासला पांगले होते. याला ओळखीची माणसं तरी होती. म्हणजे नवा गेम वाईटच, असंही माझं म्हणणं नाही.

दुसरा मुद्दा किल्लीचा. एज ऑफ एम्पायर्स २ हा १९९९ चा गेम. मायक्रोसॉफ्टने आपल्या झोनवरची सीडीवाल्या गेम्सची सेवा २००६ मध्ये बंद केली. बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओ २००९ मध्ये बंद झाला. गेम मेला का? नाही. कारण लॅन आणि थेट आयपी जोडणी सीडीतच होती. चाहते दुसरीकडे, पुढे वूबलीवर, जमत राहिले. काही हौशी लोकांनी नव्या संस्कृती घालून फॉरगॉटन एम्पायर्स नावाचा विस्तार केला, तो २०१३ मध्ये अधिकृत झाला. २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन आली, २०२२ मध्ये तर गुर्जर, बंगाली, द्रविडसुद्धा आले. (त्या भरतीत मराठे नव्हते. यावर वेगळी मेल लिहीन, आणि तिची भाषा सौम्य नसेल. :-))

याउलट युबिसॉफ्टचा द क्रू. २०१४ ची गाड्यांची शर्यत. बराचसा खेळ एकट्याने खेळता येण्यासारखा, पण सर्व्हरशिवाय चालूच होत नसे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेली डिस्क चहाचा कप ठेवायच्या लायकीची झाली. त्यातून रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. मागणी साधी: सर्व्हर जन्मभर चालवा असं नाही, पण जाताना गेम चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा. युरोपियन नागरिक उपक्रमाच्या अर्जाने १० लाख सह्यांचा टप्पा जुलै २०२५ मध्ये ओलांडला. ब्रिटनच्या संसदेतही नोव्हेंबर २०२५ मध्ये यावर चर्चा झाली. कंपन्या म्हणतात खर्च आणि सुरक्षेचा प्रश्न आहे. परवान्याने घेतलेले तुकडे असतात, सर्व्हरचा कोड बाहेर देणं सोपं नसतं, हे मी धंद्यातला माणूस म्हणून मान्य करतो. पण सुरुवातीपासूनच तशी बांधणी केली तर? १९९९ मध्ये जमत होतं. आज जमत नाही याचं कारण फक्त तंत्रज्ञान आहे, यावर माझा विश्वास नाही. खोलीची किल्ली हातात ठेवली की भाडं हवं तसं घेता येतं.

आता पोरांचं. आपल्यातले बरेच पालक 'किती तास?' एवढंच विचारतात. मी आधी 'कोणाबरोबर?' हे विचारतो. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. अनोळखी लोकांचं चॅट असलेला गेम त्याला मिळत नाही. त्यावर रडून झालंय. त्याऐवजी घरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर मी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवतो. नाशिकच्या त्याच्या आत्येभावंडांकडे टॅबलेट आहे, म्हणून बेडरॉक आवृत्तीचा. सर्व्हर फुकट उतरवून घेता येतो, आणि यादीत नाव असेल त्यालाच आत येता येतं. यादीत पाच नावं आहेत. इथल्या रविवारी सकाळी आठला, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, ही टोळी जमते.

रविवारच्या मराठी शाळेत 'मी आंबा खातो'च्या पुढे न जाणारा हा मुलगा त्या तासाभरात "अरे खाली बघ, पडशील!", "माझं हिरं कोणी घेतलं?", "ताई, हा फसवतोय" असं बोलतो. 'हिरे'चं 'हिरं' तो नाशिकहूनच शिकला, आमच्या घरी तसं कोणी म्हणत नाही. गेल्या महिन्यात धाकट्या भावाने याच्या घराला आग लावली तेव्हा दोन शब्द असेही कानावर आले जे शाळेत शिकवत नाहीत. आजी तिकडून मागे बसून "भांडू नका रे" करत असते. तिला स्क्रीनवर काय चाललंय ते ओ की ठो कळत नाही, पण दोन्ही नातवंडांचे आवाज एका वेळी ऐकू येतात.

कोणाला असा सर्व्हर आपल्या घरी लावायचा असेल तर मला लिहा, पायऱ्या लिहून पाठवतो. एखादा जुना लॅपटॉप आणि रविवारची एक दुपार, एवढंच लागतं. फक्त भावंडांपैकी लाव्हाची बादली कोणाला द्यायची, ते आधी ठरवून घ्या.